कोपराची रेघ

स्वयंपाकघरातल्या विजेच्या पेट्या एका रेघेत नाहीत हे पहिल्यांदा स्वरूपाला दिसलं, आणि दिसल्याबरोबर तिनं ते बोलूनही टाकलं. या घराण्यात डोळ्यांनी पाहिलेलं लगेच तोंडावाटे बाहेर काढायची पद्धत नाही. धाकट्या सुनेला हे अजून कुणी शिकवलं नव्हतं.

"बाबा, या तीन वर आहेत आणि या दोन खाली. असं मुद्दाम केलंय का?"

दिघीच्या त्या अर्धवट घरात रविवारी दुपारी सगळे जमले होते. फरशीवाला उद्या सकाळी येणार होता. ओटा येणार त्या भिंतीला तो टाइल्स लावणार, म्हणून त्याआधी भिंतीत बसवलेल्या विजेच्या पेट्या एकदा नजरेखालून घालायच्या एवढंच काम होतं. मिक्सर, फ्रिज, पाण्याचं मशीन, ओव्हन, आणि एक थोरली सून विजयश्री हिच्या कणीक मळायच्या यंत्रासाठी. पेट्या सासऱ्यांनी, ज्योतीरामांनी, स्वतः बसवल्या होत्या. आकुर्डीच्या कंपनीत मेंटेनन्सला सगळी नोकरी काढलेला माणूस, आपल्या घराच्या वायरिंगला दुसऱ्याचा हात लागू देणार नव्हता.

थोरला मुलगा धनेश पुढं झाला. तळहात पहिल्या पेटीवर ठेवून तो भिंतीवरून सरळ नेत गेला. तिसरीपर्यंत हात सरळ गेला. चौथीच्या जागी नुसतं प्लास्टर लागलं, पेटी पार खाली होती.

"अण्णा, हे काय?"

"पाइपातलं पाणी हललं असंल," ज्योतीराम म्हणाले. लेव्हल घ्यायची पाणी भरलेली पारदर्शक नळी त्यांच्या खांद्यावर अजून तशीच होती. ती त्यांनी उगीच या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"एवढं हलतं? भूकंप झाला होता का?"

"आता वय झालंय, धना."

चाकणला धनेशच्या हाताखाली अख्खी लाइन चालते, तिथं एखाद्याकडून असं झालं असतं तर त्यानं त्याला तिथल्या तिथं झाडला असता. पण हा बाप होता. याच बापानं त्याला शिकवलं होतं की माप जमिनीपासून घ्यायचं नसतं, जमीन फसवते. पाणी फसवत नाही. अण्णांना दिसेनासं झालंय की काय, हातात जोर राहिला नाही की काय, या विचारानं तो घाबरला, आणि घाबरल्यावर तो नेहमी करतो तेच त्यानं केलं. आवाज चढवला.

"मग सांगायचं ना, जमत नाही म्हणून! मी माणूस लावला असता. आता फोडाफोडी कोण करणार? वास्तुशांतीची पत्रिका वाटून झालीय!"

ज्योतीरामांनी मान खाली घातली. शिव्या खायला ते तयार दिसत होते. जरा जास्तच तयार दिसत होते, आणि हे एकट्या विजयश्रीच्या लक्षात आलं.

ती दाराच्या चौकटीला पाठ टेकून उभी होती. टेकल्याशिवाय तिला आता फार वेळ उभं राहवत नसे. पहिल्या शिफ्टला जाणाऱ्या कामगार पोरांचे डबे भरून, आकुर्डीच्या जुन्या घरातली भांडी आवरून ती आली होती. कमरेचा पट्टा साडीच्या आत बांधलेला होता. ती नवऱ्याकडे पाहत नव्हती, भिंतीकडे पाहत होती. वरच्या तीन पेट्या खिडकीच्या कठड्याच्या वर वीतभर. मामांना, म्हणजे सासऱ्यांना, तिनं हेच सांगितलं होतं: ओटा कठड्याला समतल घ्या, म्हणजे मला वाकावं लागणार नाही. पेट्या ओट्याच्या वर वीतभर येतात. म्हणजे या तीन तिच्या होत्या. आणि खालच्या दोन जर बरोबर मानायच्या, तर ओटा आकुर्डीतल्याइतकाच बुटका होणार होता. उंच केला, तर त्या दोन पेट्या ग्रॅनाइटला चिकटणार, भांड्याचं पाणी थेट त्यात.

"आत्या," ती म्हणाली, "परवा मामांचा डबा घेऊन तुम्ही आला होता ना?"

सासूबाई कुसुमताई खिडकीपाशी उलट्या घमेल्यावर बसल्या होत्या. "आले होते. मग?"

"मग काही नाही."

"काही न्हाई तर इचारलंस कामून?"

"विचारलं. तुम्ही परत आलात तेव्हा तुमच्या पदराला सिमेंट लागलं होतं, ते आठवलं."

स्वरूपाचा नवरा, धाकटा गणराज, फोनमध्ये डोकं घालून जिन्यावर बसला होता, त्यानं मान वर केली. घरातल्या भांडणाचा वास त्याला लहानपणापासून लांबून येतो.

"अण्णा," धनेश वळला, "आईनं काही सांगितलं का तुम्हाला?"

ज्योतीरामांनी बायकोकडे पाहिलं, मग थोरल्या सुनेकडे, मग नळीकडे. नळी काही मदत करणार नव्हती.

"ती म्हणली, खाली घ्या. मग घेतल्या."

"आणि मग वरच्या तीन? त्या का नाही काढल्या?"

"त्या विजूला कबूल केल्या होत्या की."

गणराजला हसू आवरेना. "म्हणजे अण्णा, तीन वहिनीला आणि दोन आईला? वाटणी केली व्हय भिंतीची?"

"तू गप रे," कुसुमताई म्हणाल्या. पण त्यांनाही आता गप्प राहता येईना. चोरी उघडी पडली की त्या कधी कबूल होत नाहीत, उलट अंगावर येतात. "हो, मीच सांगितलं. काय चुकलं? ह्यांनी आकुर्डीचा ओटा बांधला तवा माझं कोपर धरून माप घेतलं होतं. कोपराच्या खाली चार बोटं. घरच्या बाईच्या कोपरावरच ओटा बांधायचा असतो. मी मेले काय अजून?"

"तसं कोण म्हणतंय, आई," धनेश म्हणाला.

"ओटा बोलायलाय ना! हिच्या कठड्याला ओटा टेकला तर मला पातेल्यात काय शिजतंय ते तरी दिसंल का? टाचा उंच करून बघू? ओटा उंच करायचा म्हंजे मला म्हणायचं, म्हातारे, तू बाहेर बस, तुला आणून वाढतो. मग एकदाच तोंडानं सांगा की!"

हे मात्र त्या खरं बोलल्या. लातूरकडून पोरं काखोटीला मारून आलेली ही बाई, या शहरात तिला रस्ते समजले नाहीत, बँक समजली नाही, टीव्हीचा रिमोट आजही समजत नाही. फक्त ओट्यापुढं तिला सगळं समजतं. तिथून हलायची तिला मनापासून भीती वाटत होती.

विजयश्रीला ही भीती दिसत होती, अडचण तीच होती. सासू नुसती दुष्ट असती तर तिनं केव्हाच दोन हात केले असते.

"आत्या, डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलं होतं," ती म्हणाली. "वाकून काम बंद करा, नाहीतर ऑपरेशन. डबे बंद केले तर या घराचं निम्मं उत्पन्न थांबतं, म्हणून मी डबे बंद करत नाही. वाकणं बंद करते म्हटलं. दुसरं काही मागितलं का मी? खोली मोठी मागितली? कपाटं मागितली?"

"तुला बसून करायला सांगितलं होतं मी. भाकरी आमी बसूनच केल्या जन्मभर."

"शंभर भाकरी?"

"ताईंचं बरोबर आहे, आई," स्वरूपा मध्ये पडली. "आमच्या कंपनीतसुद्धा कामाच्या टेबलाची उंची माणसाप्रमाणे ठेवतात. हा तब्येतीचा प्रश्न आहे. खालच्या दोन काढूया आणि विषय संपवूया."

धनेशला हायसं वाटलं. बायकोची बाजू घ्यायचं धाडस त्याला कधी झालं नव्हतं. भावजयीनं घेतली तर त्याला तिच्यामागून चालता येणार होतं. "स्वरूपा म्हणते ते खरंय," तो घाईनं म्हणाला. "आई, तुला एक पाट करून घेऊ लाकडी. त्याच्यावर उभी राहा."

"पाटावर नवरी उभी राहती. मी पाटावरनं पडून मरू?"

इथं सगळं मिटलंही असतं. थोडी रडारड, मग चहा, मग छिन्नी-हातोडा. पण गणराजला सगळ्यांचं एकदम भलं करायची सवय आहे, आणि त्याच्या या सवयीनं घरात आजवर जितकी भांडणं झाली तितकी कुणाच्या वाईटपणानं झाली नाहीत. तो जिन्यावरून उठला.

"एवढं कशाला? ऐका ना. खाली आईच्या मापाचा ओटा ठेवा. तसंही वर जिन्यालगतच्या खोलीत पाण्याची लाइन काढून ठेवलीय मी. तिथं छोटा ओटा टाकू."

"कुणासाठी?" कुसुमताईंनी विचारलं.

"आमच्यासाठी. म्हणजे स्वरूपाच्या आणि माझ्या वेळा वेगळ्या, तिला रात्री कॉल असतात, तर चहा-बिहा, थोडंफार…"

"गणराज," स्वरूपा दबक्या आवाजात म्हणाली, "आज नको म्हटलं होतं ना मी."

बाहेर रस्त्यावर भाजीवाल्याचा भोंगा वाजत वाजत लांब गेला.

धनेशला एकाच वेळी दोन गोष्टी समजल्या. एक म्हणजे धाकटा वेगळा होतोय. आणि दुसरं, पाण्याची लाइन भिंती उठतानाच निघते, म्हणजे हे ठरून फार दिवस झाले. "मला सांगितलं नाहीस, भावा?" तो एवढंच म्हणाला.

पण कुसुमताई त्याच्याकडे पाहत नव्हत्या. त्या घमेल्यावरून उठल्या आणि सरळ स्वरूपापाशी गेल्या. त्यांनी तिचा हात धरला. आत्तापर्यंतचा सगळा ताठा कुठल्या कुठं गेला होता.

"स्वरूपा, बाई, असं करू नको. एका घरात दोन चुली? गावाकडं तोंड दाखवायला जागा ऱ्हाणार न्हाई मला. तू सांग किती उंच पायजे. हं? तुझ्या मापानं करू ओटा. आणखी वर घ्यायचा तर वर घेऊ. ह्या दोन पेट्या आत्ताच्या आत्ता फोडायला लावते ह्यांना. मी बसंन बाहेर, मला काय करायचंय आत? पण चूल येगळी नको."

स्वरूपा लाल झाली. तिनं हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला आणि विजयश्रीकडे पाहिलं. ज्योतीरामांनीही पाहिलं. गणराजनं तर पाहून लगेच मान वळवली. एकट्या कुसुमताईंनाच आपण काय बोललो ते अजून उमगलं नव्हतं.

विजयश्रीला आधी नुसतं गरम वाटलं, कानापासून गळ्यापर्यंत. कुणी चारचौघांत थोबाडीत मारावी तसं. मग रडू येईल असं तिला वाटलं, पण आलं नाही. ती चौकटीपासून सरळ झाली. एक हात कमरेवर गेला, तो तिनं मुद्दाम खाली घेतला.

"आत्या," ती म्हणाली, "मी मागितलं तेव्हा भिंत फोडायचीसुद्धा नव्हती. नुसती रेघ मारायची होती."

कुसुमताई वळल्या.

"विजू, मी ते… तू तर घरचीच…"

"हो. घरची. म्हणून वाकायचं." मग ती दिराकडे वळली. "भाऊजी, ती वरची खोली मला द्या."

"वहिनी, अहो…"

"पाण्याची लाइन काढलीच आहे, आयती. डबे मी वर करीन. खाली ओटा आत्यांच्या मापाचा राहू दे, त्यांना बाहेर बसवायचं नाही कुणी. खाली आत्या आणि स्वरूपा बघतील."

स्वरूपानं आजवर या घरात भाकरी फक्त खाल्ली होती. पण या घडीला ते बोलायची तिचीसुद्धा छाती झाली नाही.

"विजू, आता पुरे," धनेश म्हणाला. "घरात चार माणसं ऐकायलीत. रागात असं तोडून बोलायचं नसतं."

"मी रागात नाही. तुम्हाला आकुर्डीत असताना विचारलं होतं, नव्या घरात ओटा उंच करणार ना? तुम्ही हो म्हणाला होता. आज मघापासून ते एकदा तरी बोलाल म्हणून मी थांबले होते."

"आणि मी? मी कुठं जेवायचं?"

"ते तुम्ही ठरवा," विजयश्री म्हणाली. "मामा, नळी घ्या आणि वर चला."

जिना तिला नीट चढता येत नाही. कठडा अजून बसवलेला नव्हता, म्हणून ती भिंतीला हात लावत एकेक पायरी चढली. ज्योतीराम मागून निघाले. नाही म्हणायचं त्यांना सुचलंच नाही, कधीच सुचत नाही.

खाली कुसुमताई भिंतीसमोर उभ्या राहिल्या. पोरं एकमेकांशी दबक्या आवाजात भांडू लागली होती, मला सांगायला हवं होतंस, दादा तू तरी कुठं विचारलंस, पण त्यांच्या कानांवर ते नुसतं पडत होतं. त्यांना दिसत होती ती आकुर्डीच्या खोलीत नवीन आलेली विजू. मापात न बसणारी सून आणली म्हणून तेव्हा शेजारणींनी थट्टा केली होती, सासूच्या डोक्यावरून हिला पलीकडचं दिसतं म्हणे. आणि ही ओट्यापुढं उभी राहिली की कमरेत वाकायची, तेव्हा सासूच्या खांद्याला खांदा यायचा. कुसुमताईंना तेव्हा त्याचं बरं वाटलं होतं. आपल्यापेक्षा उंच पोरगी आपल्याइतकी होते, याचं बरं वाटलं होतं. इतकी वर्षं त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. आज चार माणसांत त्या जे बोलून गेल्या, त्यानंतर ते लपवायला जागाच उरली नाही. त्यांना स्वतःची शरम वाटली.

कोपऱ्यात पिशवीत ज्योतीरामांचा छिन्नी-हातोडा होता. कुसुमताईंनी तो काढला.

"आई, अगं काय करतीस?" धनेश धावला.

"सरक."

"मी करतो ना, दे इकडं."

"तू काय करणार? तू मघाशी करायचं होतंस. सरक म्हणलं ना!"

घमेलं पायानं बाजूला सारून त्या भिंतीला भिडल्या आणि खालच्या पेटीच्या कडेला त्यांनी पहिला घाव घातला.

वरच्या खोलीला अजून प्लास्टर नव्हतं, नुसत्या विटा. विजयश्री भिंतीला लागून उभी राहिली. ज्योतीरामांनी कानावरची पेन्सिल काढली, एक पाऊल पुढं आले आणि थबकले. बायकोचं कोपर त्यांनी दंड धरून मोजलं होतं, हसत, पोरं बाहेर खेळत असताना. पण सुनेच्या अंगाला हात लावायचा नसतो. सून जिन्यावर अडखळली तरी त्यांनी मघाशी नुसता जीव मुठीत धरला होता, हात पुढं केला नव्हता.

"विजू, ते कोपर…" ते म्हणाले आणि पेन्सिल तशीच हातात राहिली.

तिनं ती त्यांच्या हातातून घेतली. उजवा हात कोपरात काटकोनात दुमडून भिंतीला टेकवला, डाव्या हाताची चार बोटं कोपराखाली धरली, मग उजवा हात सोडवून बोटांच्या खाली विटेवर रेघ ओढली. ओबडधोबड विटेवर ती जरा तुटक आली, म्हणून तिनं परत गिरवली. मग बाजूला होऊन पाहिलं. रेघ तिला वाटली होती त्याहून बरीच वर होती. एवढी वर्षं ती किती खाली वाकत होती ते तिनं पहिल्यांदा असं डोळ्यांनी पाहिलं, आणि आता मात्र तिचे डोळे भरून आले.

खालून हातोड्याचा आवाज यायला लागला. घाव नेमके पडत नव्हते. मध्येच छिन्नी खाली पडल्याचा आवाज झाला, धनेश काहीतरी ओरडला, मग पुन्हा घाव सुरू झाले.

ज्योतीरामांचा चेहरा उजळला. "ती फोडायली बघ," ते म्हणाले. "सोताच्या हातानं फोडायली. झालं की आता. चल पोरी, उतर खाली."

"कुणासाठी फोडतायत, मामा?"

ते बोलायला गेले. तुझ्यासाठी, एवढा एकच शब्द होता, आणि तो खराही होता. पण मघाशी खाली कुणाचा हात धरला गेला ते त्यांनीही पाहिलं होतं. बायकोला आणि सुनेला, दोघींना हो म्हणत एवढं आयुष्य काढलेल्या माणसाला इथं हो म्हणता आलं नाही.

खाली काहीतरी निखळून जमिनीवर पडलं, लोखंडाचा आवाज झाला. मग घाव थांबले. कुसुमताईंची हाक आली, दमलेली, "विजू, बघून जा गं, बरोबर हाय का."

विजयश्रीनं पदरानं डोळे पुसले. ती जिन्याकडे गेली नाही.

ज्योतीरामांनी खांद्यावरची नळी खाली घेतली, तिचं एक टोक सुनेच्या रेघेला लावलं आणि आतलं पाणी थरथरायचं थांबेपर्यंत वाट पाहिली.

"पेट्या वीतभर वर घेऊ?" त्यांनी विचारलं.

"वीतभर," ती म्हणाली. "आणि सगळ्या एका रेघेत."